स्तोलिपिनवरच्या लेखाचं काम : नोंदवही

१८ मे

दिवाळी अंकाच्या संपादक बाईंचा आज होकार आला. ५,००० शब्द, १५ ऑगस्टच्या आत. विषय : प्योत्र अर्काद्येविच स्तोलिपिन, १९०६ ते १९११ या काळात रशियाचा पंतप्रधान. बाईंनी फोनवर विचारलं, "काका, आपल्या वाचकाला हा माणूस कशासाठी हवा?" मी म्हटलं, सातबाऱ्यावर नाव लागण्यावरून घरात झालेलं भांडण ज्याने पाहिलंय, त्याला हवा.

मी ३२ वर्षं जमिनीची मोजणी केली. तरुणपणी मॉस्कोहून छापून येणारी स्वस्त मराठी पुस्तकं वाचायचो आणि त्या नादात संध्याकाळच्या वर्गात दोन वर्षं रशियन शिकलो. त्या पुस्तकांत स्तोलिपिन एका ओळीत यायचा आणि जायचा. झारचा जल्लाद, एवढीच ओळख. लेनिनने त्याला मुख्य जल्लाद म्हटलेलं. निवृत्तीनंतर त्याची ड्यूमातली, म्हणजे तिथल्या विधिमंडळातली, भाषणं शब्दकोश हाताशी घेऊन वाचायला बसलो. पाहतो तर माणूस पट्ट्यांबद्दल, वाटपाबद्दल, शेणखताबद्दल बोलतोय. माझ्या धंद्याची भाषा.

जल्लाद ही ओळ खरीच आहे. लेखात तिच्या शेजारी दुसरी ओळ कशी बसवायची, हेच या कामातलं अवघड काम.

२३ मे

तारखांनी दोन दिवस खाल्ले. रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका. १९ व्या शतकात ती आपल्यापेक्षा १२ दिवस मागे, २० व्या शतकात १३ दिवस. त्यामुळे जन्म २ एप्रिल १८६२ (नवी १४ एप्रिल) आणि मृत्यू ५ सप्टेंबर १९११ (नवी १८ सप्टेंबर). एकाच माणसासाठी दोन वेगळे फरक धरावे लागतात. लेखात सगळीकडे नवी तारीख देणार आणि पहिल्याच पानावर तसं सांगणार. '३ जूनचा तख्तापालट' तेवढा जुन्याच तारखेने ठेवायचा, कारण तो त्याच नावाने ओळखला जातो.

घराणं एका परिच्छेदात उरकतो. जन्म जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा. वडील अर्कादी सेनाधिकारी, आई नताल्या ही गोर्चाकोव्ह या सरदार घराण्यातली. कवी लेर्मोंतोव्हची आजीही स्तोलिपिनांच्याच घरातली. बालपण आधी मॉस्कोजवळच्या सेरेदनिकोवोत आणि मग लिथुआनियातल्या कोलनोबेर्गे इस्टेटीवर. मोठा भाऊ मिखाईल द्वंद्वयुद्धात मारला गेला. त्याची वाग्दत्त वधू ओल्गा नैदहार्त हिच्याशी प्योत्रने पुढे लग्न केलं. पाच मुली, एक मुलगा.

एक तपशील मात्र जपून ठेवलाय. एवढ्या बड्या घरातला मुलगा पीटर्सबर्ग विद्यापीठात निसर्गविज्ञान शिकला आणि प्रबंध लिहिला तंबाखूच्या लागवडीवर.

१ जून

लिथुआनियातल्या कोव्हनोची वर्षं. १८८९ पासून जिल्ह्याच्या आणि १८९९ पासून प्रांताच्या सरदारवर्गाचा प्रमुख. १९०२ मध्ये ग्रोद्नोचा गव्हर्नर, वय अवघं चाळीस. चरित्रं हा काळ भराभर मागे टाकतात. मी इथे थांबतोय. या पश्चिमेकडच्या भागात त्याने काय पाहिलं? शेतकऱ्याचं घर स्वतःच्या रानात, रान एकगठ्ठा, सीमेपलीकडच्या प्रशियातही तशीच शेती. पुढे १९०३ मध्ये साराटोव्हला बदली झाली आणि व्होल्गाकाठच्या पट्ट्यापट्ट्यांच्या गावांसमोर तो उभा राहिला. दोन्ही चित्रं एकाच डोळ्यांत होती म्हणून त्याला फरक दिसला, असं मला वाटतं.

८ जून

आज 'ओब्श्चिना' लिहायला घेतलं. लेखाचा कणा हाच.

१८६१ मध्ये भूदास मुक्त झाले, पण जमीन मिळाली ती गावाच्या ओब्श्चिनेला. हिलाच 'मीर' असंही म्हणत. मोबदल्याचे हप्ते ४९ वर्षांचे. बऱ्याच गावांत ठरावीक काळाने फेरवाटप व्हायचं, घरातली तोंडं किंवा कामाचे हात मोजून. कुणावर अन्याय नको म्हणून प्रत्येक रानाचे पट्टे पाडायचे : चांगल्या जमिनीत एक, मुरमाडात एक, ओढ्याजवळ एक, लांबच्या माळावर एक. एका घराला दहा-वीस, कधी त्याहून जास्त पट्टे. काही इतके अरुंद की आडवा नांगर फिरत नाही. पट्टे एकमेकांत गुंतलेले, म्हणून पेरणी सगळ्यांनी एकदम करायची आणि कापणीनंतर जनावरंही सगळ्यांची एकदम सोडायची. एकट्याने वेगळं पीक घेतो म्हटलं तर वाटच नाही. शेणखत घालावं, तर पुढच्या फेरवाटपात तो पट्टा शेजाऱ्याकडे जाणार.

वाचकाला हे पटकन दिसावं म्हणून आपल्याकडचं काहीतरी द्यावं का? दिवसभर विचार केला. भाऊवाटणीत चार भावांना प्रत्येक नंबरात चौथा हिस्सा हवा असतो, विहिरीजवळचाही आणि वरकसातलाही. तीच न्यायबुद्धी, तोच परिणाम. एका वाक्यात एवढं पुरे. फरकही त्याच वाक्यात सांगायला हवा. आपल्याकडे तुकडा ज्याच्या नावावर आहे त्याचाच राहतो, तिथे तो पाळीने फिरायचा.

९ जून

शब्दांची अडचण. 'खुतोर' म्हणजे रान एका जागी घेऊन घरही तिथेच हलवायचं. आपण म्हणतो, वस्तीवर राहायला गेले. 'ओत्रुब' म्हणजे रान एकगठ्ठा, पण घर गावठाणातच. पहिल्याला 'रानातली वस्ती', दुसऱ्याला 'एकगठ्ठा रान'. रशियन शब्द एकदा सांगायचे, पुढे मराठीच वापरायचे. 'चकबंदी' टाळतो, तो शब्द आपल्या खेड्यात कुणी बोलत नाही. 'एकत्रीकरण' सगळ्यांना कळतं, १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्यामुळे तो तलाठ्याच्या दप्तरातून घराघरात पोचलाय.

देस्यातिना, म्हणजे तिथलं जमिनीचं माप : १.०९ हेक्टर. आपल्या मापात २ एकर २८ गुंठे. लेखात गुंठेच देणार.

१९ जून

साराटोव्ह, १९०५. या प्रांतातल्या जमीनदारांच्या कोठ्या मोठ्या संख्येने जळाल्या. स्तोलिपिन स्वतः गावोगाव जायचा, जमावासमोर उभा राहायचा आणि सोबत कोसॅक घोडेस्वारही असायचे. बंडखोर गावं मोडून काढायला पीटर्सबर्गहून जनरल साखारोव्ह आला होता. एका क्रांतिकारक बाईने त्याला गोळ्या घातल्या, त्याही स्तोलिपिनच्याच गव्हर्नर निवासात. याच काळात झारला पाठवलेल्या अहवालात त्याने लिहिलं की गावच्या गरिबीचं मूळ ओब्श्चिनेच्या व्यवस्थेत आहे.

जमावातल्या एका माणसाच्या हातात याने आपला ओव्हरकोट दिला आणि तो निमूट धरून उभा राहिला, अशी गोष्ट घरच्या आठवणींतून पुढे आलेली आहे. लेखातून काढली. तिच्याने नायक उभा राहतो आणि मला नायक उभा करायचा नाही.

२ जुलै

पाऊस लागून आहे. दोन आठवडे पुढचा भाग टाळत होतो, आज लिहिला.

१९०६ च्या मे महिन्यात गृहमंत्री, जुलैत पहिली ड्यूमा बरखास्त झाली त्याच दिवशी पंतप्रधान. २५ ऑगस्टला, भेटीच्या दिवशी, पीटर्सबर्गच्या अप्तेकार्स्की बेटावरच्या त्याच्या बंगल्यात अर्ज-विनंत्या घेऊन आलेल्या लोकांची गर्दी होती. सरकारी गणवेश घालून, हातात चामडी बॅगा घेऊन बाँबवाले आत शिरले. दारात अडवल्यावर बॅगा खाली टाकल्या. वीसच्या वर माणसं जागीच गेली, बरीचशी रांगेत थांबलेली साधी माणसं. थोरल्या मुलींपैकी नताशाचे दोन्ही पाय चिरडले. तीन वर्षांचा अर्कादीही जखमी. स्तोलिपिन टेबलाशी बसलेला, त्याच्या अंगावर फक्त शाई उडाली. डॉक्टर मुलीचे पाय कापायचे म्हणत होते. त्याने थांबा म्हटलं आणि पाय वाचले.

आठवड्याभरात रणभूमी न्यायालयांचा हुकूम निघाला. न्यायाधीश म्हणून कायदा न शिकलेले सेनाधिकारी, वकील नाही, दारं बंद, दोन दिवसांत निकाल आणि पुढच्या २४ तासांत अंमल. ड्यूमा बसलेली नव्हती, तेव्हा मूलभूत कायद्यातल्या ८७ व्या कलमाखाली सरकारला असा हुकूम काढता यायचा. आठ महिन्यांत हजाराच्या वर माणसांना मृत्युदंड सुनावला गेला.

३ जुलै

काल लिहिलेलं सकाळी वाचलं. बाप म्हणून त्याचं दुःख मी इतकं जवळून लिहिलंय की पुढचा हुकूम वाचकाला समजण्यासारखा, जवळजवळ योग्य वाटतो. तसं व्हायला नको. फाशी गेलेल्यांनाही घरं होती, लहान मुली होत्या. क्रम बदलला. आता न्यायालयांचं कामकाज आधी, संपूर्ण, आणि मग बंगला.

दुसरी बाजूही आहे. आपल्या घरांतून भिंतीवर ज्यांचे फोटो लागतात ते बाँबच्या बाजूचे. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, पुढचे सेनापती बापट, यांनी पॅरिसमधल्या रशियन क्रांतिकारकांकडूनच बाँबची कृती मिळवली आणि १९०८ मध्ये ती इकडे आणली. माझ्या आजोबांनी बापटांना पाहिलं होतं आणि त्यांचं नाव काढताना ते हात जोडायचे. मी त्या घरात वाढलो. म्हणून अप्तेकार्स्कीच्या रांगेत अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसांबद्दल लिहिताना हात जड झाला. तरी लिहिलं. बापटांचा परिच्छेद ठेवतोय, कारण तेव्हाचा रशिया महाराष्ट्रापर्यंत याच वाटेने पोचला होता.

११ जुलै

'स्तोलिपिनचा टाय'. नोव्हेंबर १९०७, तिसरी ड्यूमा. उदारमतवादी कडेट पक्षाचा रोदिचेव्ह बोलता बोलता गळ्याभोवती हात फिरवून म्हणाला की पुढच्या पिढ्या फासाला स्तोलिपिनचा टाय म्हणतील. स्तोलिपिन उठून बाहेर गेला आणि द्वंद्वाचं आव्हान पाठवलं. भाऊ द्वंद्वात गेलेला, घरात सहा मुलं. रोदिचेव्हने माफी मागितली, सभागृहाने त्याला १५ बैठकांसाठी बाहेर ठेवलं. शब्द मात्र राहिला. मराठीत 'गळपट्टा' की 'टाय'? टाय. तो गाठ मारून घट्ट करतात.

दुसरं भाषांतर याहून अवघड गेलं. दुसऱ्या ड्यूमासमोर मे १९०७ मध्ये जमिनीच्या प्रश्नावर दिलेल्या भाषणाचा शेवट. रशियनमध्ये उलथापालथीला आणि रशियाला विशेषण एकच आहे आणि वाक्याचा जोर त्यातच. 'प्रचंड उलथापालथ, महान रशिया' केलं की दोर तुटतो. तीन दिवसांनी सुचलं : "त्यांना मोठ्या उलथापालथी हव्यात, आम्हाला मोठा रशिया हवा." साधा 'मोठा' दोन्हीकडे चालतो.

त्यानंतर महिन्याभरातच ती ड्यूमा बरखास्त आणि निवडणुकीचा कायदा परस्पर बदललेला, जमीनदाराचं मत जड, शेतकऱ्याचं हलकं. हाच ३ जूनचा तख्तापालट. ज्या शेतकऱ्याला जमिनीचा धनी करायचं म्हणतोस त्याच्याच मताचं वजन कमी करतोस, हे मला त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं व्यंग वाटतं. लेखात तसं स्पष्ट लिहिलंय.

२० जुलै

आज सलग नऊ तास बसलो. सुधारणेचा भाग पुरा झाला.

२२ नोव्हेंबर १९०६ चा हुकूम, हाही ८७ व्या कलमाखालीच. कुठलाही कुटुंबप्रमुख आपला वाटा स्वतःच्या मालकीचा करून मागू शकतो. गावसभेने महिन्याभरात मान्य केलं नाही तर सरकारी अधिकारी मंजूर करणार. वाटा एका जागी मागण्याचाही हक्क. पुढे १९१० मध्ये याचा रीतसर कायदा झाला. मोबदल्याचे हप्ते १९०७ पासून बंदच झाले होते. शेतकरी जमीन बँक कर्ज द्यायची.

हुकूम काढायला एक सही लागते. तो जमिनीवर उतरवायला मोजणीदार लागतात, आणि तिथे सुरुवातीला ते फार थोडे होते. वर्षं लावून शाळा काढून हजारोंनी तयार करावे लागले. गावात साखळी पडली की काय होतं ते मला कुणी सांगायला नको. माझी काळी घेऊन मला खडकाळ दिली, पाण्याची वाट त्याच्याकडे गेली, पाणंद माझ्या हिश्श्यातून काढली, गुरं कुठे चारायची. तिथेही हेच. काही ठिकाणी वेगळं निघणाऱ्याच्या गंजीला आग लावली गेली.

या भागात मला एक सोबती सापडला. आंद्रेई कोफोद, जन्माने डेन्मार्कचा शेतीतज्ज्ञ, रशियात येऊन गावोगाव हिंडला, एकगठ्ठा रानाचा फायदा शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत लिहून काढला आणि ती पुस्तिका मोठ्या संख्येने छापली गेली. स्तोलिपिन भाषण करत होता तेव्हा चिखलातून चालत बांध दाखवणारा हा माणूस होता. त्याला दीड पान दिलंय. बाई कापतील बहुतेक, पण मी भांडणार आहे.

हिशोब : महायुद्ध सुरू होईपर्यंत साधारण २० लाख घरांनी वाटा नावावर करून घेतला. प्रत्यक्ष वस्तीवर किंवा एकगठ्ठा रानावर गेलेली घरं एकूण घरांच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. नावावर करून घेणारे सगळेच काही खमके शेतकरी नव्हते. घरातली माणसं कमी झालेलं कुटुंब पुढच्या फेरवाटपात जमीन जाईल म्हणून आधीच बाहेर पडायचं. कुणी विकून शहर गाठायचं. डिसेंबर १९०८ मध्ये तो ड्यूमात म्हणाला होता की आपली भिस्त दुबळ्या आणि दारुड्यांवर नाही, खमक्या आणि बळकटांवर आहे. मोजणीच्या वेळी बांधावर पदर डोक्यावर ओढून गप्प उभी राहणारी विधवा मी कितीतरी गावांत पाहिलीय. तिला कुठल्या रांगेत धरायचं? या वाक्यापाशी मी त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही, आणि लेखातही ते वाचकाला कळेल असंच लिहिलंय.

२१ जुलै

काल राहिलेलं. टॉल्स्टॉयने १९०७ मध्ये त्याला पत्र लिहिलं होतं, जमिनीची खाजगी मालकीच संपवा म्हणून. टॉल्स्टॉय त्याच्या वडिलांचा जुना स्नेही. उत्तरात स्तोलिपिनने लिहिलं की तुम्ही ज्याला वाईट मानता तेच मला रशियासाठी भलं वाटतं, शेतकऱ्याला मालकी नाही म्हणूनच सगळी घडी विस्कटलीय. दोघेही उमरावच, दोघांनीही शेतकऱ्याला जवळून पाहिलेलं. पुढच्या वर्षी टॉल्स्टॉयने फाशांविरुद्ध जाहीर लिहिलं. आणि त्याच १९०८ च्या अखेरीस तारकनाथ दासांना उत्तर म्हणून भारतीयांना उद्देशून जे पत्र लिहिलं, ते पुढे गांधींनी गुजरातीत आणलं.

२९ जुलै

सायबेरिया. १९०६ ते १९१४ मध्ये ३० लाखांहून जास्त माणसं उरल पर्वतापलीकडे गेली, त्यातली काही लाख परतली. जाण्यासाठी खास डबे होते. पुढच्या भागात कुटुंब, मागच्या भागात गुरं आणि अवजारं. पुढे त्या डब्यांतून कैदी नेऊ लागले आणि सोव्हिएत काळात 'स्तोलिपिन' म्हणजे तुरुंगाचा डबा असाच अर्थ झाला. टाय आणि डबा, नावं दोन्ही चिकटून राहिली.

१९१० मध्ये शेतीखात्याच्या क्रिवोशेइनला घेऊन तो स्वतः सायबेरिया पाहून आला. त्याच्या आदल्या वर्षी एका वृत्तपत्राला म्हणाला होता की आतून-बाहेरून २० वर्षांची शांतता द्या, आजचा रशिया ओळखू येणार नाही.

फिनलंडची स्वायत्तता त्याने आवळली, हे लेखात तीन वाक्यांत. ज्यूंवरची काही बंधनं उठवण्याचा मंत्रिमंडळाचा प्रस्ताव झार निकोलसने डिसेंबर १९०६ मध्ये परत पाठवला, हे दोन वाक्यांत. पश्चिम प्रांतांतल्या झेम्स्त्वोचं, म्हणजे स्थानिक मंडळांचं, विधेयक मार्च १९११ मध्ये वरच्या सभागृहाने पाडलं. त्याने राजीनामा पुढे केला, दोन्ही सभागृहं तीन दिवसांसाठी तहकूब करायला लावली आणि पुन्हा तेच ८७ वं कलम. या खेपेला त्याचे मित्रही दुरावले. झारने ऐकलं, पण त्याला ते लागलं.

४ ऑगस्ट

कीव्ह. १४ सप्टेंबर १९११, ऑपेरागृहात रिम्स्की-कोर्साकोव्हचा 'झार साल्तान'. दुसऱ्या मध्यंतरात स्तोलिपिन पहिल्या रांगेपुढच्या कठड्याला टेकून, प्रेक्षकांकडे तोंड करून उभा. काळ्या कोटातला एक तरुण पुढे आला, ब्राउनिंग पिस्तुलातून दोन गोळ्या, एक हातात, एक छातीत. स्तोलिपिनने झारच्या सज्जाकडे पाहून हवेत क्रूसाची खूण केली आणि खुर्चीत कोसळला. चार दिवसांनी गेला. वय ४९.

मारणारा दिमित्री बोग्रोव्ह, गुप्त पोलिसांचा खबऱ्या. आत यायचं तिकीटही पोलिसांनीच दिलेलं, कारण येणाऱ्या मारेकऱ्यांना मी ओळखून देतो असं त्याने त्यांना सांगितलं होतं. काही दिवसांत त्याला फाशी झाली. तो क्रांतिकारकांसाठी आला होता की आणखी कुणासाठी, यावर इतिहासकार अजूनही भांडतात. मी त्यावर एक ओळ देतो, तर्क लढवत नाही.

जिथे मारतील तिथेच पुरा, असं मृत्युपत्रात होतं. कीव्हच्या पेचेर्स्क लावरा मठात दफन झालं. १९१३ मध्ये शहरात पुतळा उभा राहिला, मार्च १९१७ मध्ये उतरवला.

१२ ऑगस्ट

शब्द ५,६४०. कापले. गव्हर्नरकीची अर्धी पानं गेली, कोफोद राहिला.

दोन नकाशे हाताने काढले. एकाच गावठाणाभोवतीचं रान, आधी पट्ट्यांचं आणि नंतर गटांचं. खाली 'नमुना' असं ठळक लिहिलंय, कुठल्या खऱ्या गावाचा समजू नये. पहिल्या नकाशात एकाच घराचे पट्टे निळ्या शाईने भरले. अकरा पट्टे आहेत.

रात्री हिने नकाशे पाहिले. बराच वेळ निळे तुकडे बोटाने मोजत होती. मग विचारलं, "वस्तीवर गेलेल्यांचं पुढं काय झालं हो?" सांगितलं. १९१७ मध्ये आणि त्यानंतर बऱ्याच ठिकाणी गावाने त्यांना परत ओढलं, बांध मोडले, रान पुन्हा पट्ट्यांत वाटलं. जी कुटुंबं टिकली त्यांच्या वस्त्या १९३० च्या सुमारास सामूहिक शेतीत गेल्या. ती म्हणाली, "मग हे लिहिलंय का तुम्ही?" लिहिलं नव्हतं. लेख पुतळ्यापाशीच थांबला होता.

१३ ऑगस्ट

शेवटचा परिच्छेद नवा लिहिला, वस्त्यांचा. पुतळ्याची दोन वाक्यं वर सरकवली. शब्द ५,१२०. तिसरा नकाशाही जोडला : तेच गावठाण, तेच रान, पुन्हा पट्टे. निळे पट्टे या वेळी वेगळ्या जागी पडलेत.

पाठवलं.